त्र्याहत्तरावी जागा

आडातला पोहरा काठावर टेकवला आणि मी आधी आत्तींच्या खोलीकडे कान दिला. आतून खोकला ऐकू आला. मग दोर बाजूला टाकला आणि पाणी गाळायला घेतलं.

चार दिवस माझी सकाळ अशीच सुरू होत होती. आधी खोकला, मग पाणी.

सासूबाईंना आमच्या भागात आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती, चंपाबाई मगदूम, तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. रक्तात साखर, सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि पोटात अन्न नसल्याचा तो पाचवा दिवस. भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, रोज एका धर्माचं पूजन. पर्वाच्या पहिल्या दिवशी आत्तींनी अन्न सोडलं होतं. आज उत्तम सत्याचा दिवस होता.

फडक्यात राहिलेले जीव मी पुन्हा त्याच आडात अलगद सोडले आणि तांब्या चुलीवर ठेवला. आत्तींना नळाचं पाणी चालत नसे. घरच्या आडाचं, आंघोळ करून धुतल्या कपड्यानं शेंदलेलं, दुहेरी फडक्यातून गाळून तापवलेलं, असंच लागे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे होतं. नऊ वर्षं झाली होती. मधे एकदा आमच्या घरी मुनीमहाराजांचा आहार झाला तेव्हाही मी पहाटेपासून आडावरच होते. शेवटची घागर आत आणली तोवर महाराज निघून गेले होते आणि गावातल्या बायका आत्तींच्या पाया पडत होत्या.

गरम पाणी घेऊन मी खोलीत गेले. दिवसातून एकदा, एवढंच त्या घेत होत्या. ओठांवर पांढरी साल धरली होती. मी मानेखाली हात घालून त्यांना उठवलं तर अंग चटका बसावा इतकं गरम नव्हतं, उलट गारच होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सापडलं?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"आज सापडेल, आत्ती."

"काल बी हेच म्हणालीस."

सापडायचं होतं ते एक नाव.

उन्हाळ्यात बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, एक पुस्तिका वाटली गेली होती. घरबसल्या प्रश्नमंजुषा. शंभर प्रश्न, पुस्तकं उघडून उत्तरं शोधायला मुभा, अनंत चतुर्दशीला पुस्तिका परत करायची. प्रश्न मात्र सरळ नव्हते. एकात विचारलेलं दुसऱ्या ग्रंथाच्या तिसऱ्याच कथेत दडलेलं असायचं. शेवटचे वीस प्रश्न तर शब्दकोड्याचे, आडवे दहा आणि उभे दहा. आत्तींचं शिक्षण चौथीपर्यंत, पण ऐकून ऐकून कथा सगळ्या पाठ. मी लग्नाआधी साप्ताहिकांतली कोडी सोडवायची, उत्तर अडलं की वाचनालयात जाऊन बसायची. त्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. एके दुपारी आत्ती भिंग लावून शब्दकोड्याशी झगडत होत्या. मी ताक ठेवायला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आडवा चौथा शब्द मिळाला की उभा सातवा आपोआप सुटेल.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"बस इथं," त्या म्हणाल्या.

नऊ वर्षांत बसायला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी बसायचो. त्या कथा सांगायच्या, मी पान शोधायची. तीर्थंकरांच्या मातेला पडणाऱ्या सोळा स्वप्नांत समुद्र कितवा, यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. म्हणजे त्या भांडल्या, मी पुस्तक समोर धरलं. उत्तर जुळलं की त्या गालातल्या गालात हसायच्या आणि भिंग माझ्याकडे सरकवायच्या. माझ्या सासूला हसताना गालाला खळी पडते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

श्रावण सरेपर्यंत नव्व्याण्णव जागा भरल्या. राहिला त्र्याहत्तरावा प्रश्न. बहात्तराव्यात एका राजाचं नाव विचारलं होतं, ज्यानं महिनाभर उपाशी असलेल्या मुनींना आहार दिला आणि ज्याच्या अंगणात रत्नांचा पाऊस पडला. ते आम्ही लिहिलं होतं. त्याच्याखाली होतं: 'राजाचं नाव सर्वांना ठाऊक आहे, राणीचंही. त्या आहाराचं पाणी ज्या दासीनं शेंदून आणलं तिचं नाव काय?' आणि पुढे टिंबांची ओळ.

आमच्या घरातल्या एकाही पुस्तकात ते नाव नव्हतं.

तरीही आत्तींनी फार मनावर घेतलं नसतं. पण पर्वाच्या पहिल्या दिवशी अभिषेक झाल्यावर सोनाक्का चौगुले जवळ आल्या. सोनाक्का म्हणजे बस्तीच्या अध्यक्षांची बायको, आत्तींच्याच वयाच्या, दोघींची चुरस माहेरच्या गावापासूनची. सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "चंपाक्का, आमचं शंभर पुरं झालं बाई. तुमचं एक राहिलंय म्हणं? शिकलेली सून आणून काय उपयोग मग."

आत्ती मूर्तीकडे वळल्या, हात जोडले आणि सगळ्यांसमोर तीनदा म्हणाल्या, "या पुस्तिकेतली एक बी जागा जोवर रिकामी हाय, तोवर मला अन्नाचा त्याग हाय."

त्यांना वाटलं असेल दोन दिवस लागतील. नव्व्याण्णव सापडली तशी शंभरावी सापडेल. माझा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या आणि खाली आल्यावर म्हणाल्या, "आता तुझ्यावर हाय."

आमच्यात घेतलेला नियम तोंडातून परत घेता येत नाही. गुरूंकडून घेतला असेल तर गुरू त्यावर वाट काढतात. माझ्या यजमानांनी, सुकुमार यांनी, दुसऱ्या दिवशी तेच सुचवलं. नदीपलीकडच्या गावात साध्वी माताजींचा चातुर्मास होता, तिकडे जाऊन विचारून येतो म्हणाले. आत्ती म्हणाल्या, कुणाकडून घेतलाच नाही तर सोडवणार कोण. मग ते वैतागले. काहीतरी लिहून टाक, जागा भरली की झालं, असं म्हणाले.

"खोटं लिहून पारणं करू?" आत्ती म्हणाल्या. "तू माझाच पोरगा न्हवं?"

ते उठून बाहेर गेले.

ते चार दिवस मी नाव शोधत होते. बस्तीच्या उपाध्यांनी ग्रंथांचं कपाट उघडून दिलं. मी दोन दिवस तिथं जमिनीवर बसून पान न् पान पाहिलं. राजाचे पूर्वजन्म सापडले, राणीच्या सात सख्यांची नावं सापडली, राजाच्या हत्तीचंही नाव होतं. गावातल्या निवृत्त मास्तरांच्या माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. तिसऱ्या दिवशी सुकुमार जयसिंगपूरला जाऊन ज्यांनी पुस्तिका काढली त्यांना फोन करून आले. उत्तरं बंद पाकिटात आहेत, पर्व संपल्याशिवाय सांगता येत नाहीत, असं पलीकडच्या गृहस्थांनी सांगितलं. आमची आई उपाशी आहे हो, असं यांनी म्हटलं तर ते म्हणाले, पर्वात उपवास सगळेच करतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आवटी आले. नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली, आणि आम्हा दोघांना ओसरीवर बोलावलं. अन्न नाही म्हणून गोळी देता येत नाही आणि गोळी नाही म्हणून आत काय चाललंय ते सांगता येत नाही, असं म्हणाले. उद्या दिवस मावळेपर्यंत पोटात काही गेलं नाही तर परवा सकाळी मी गाडी आणतो, त्या नको म्हणाल्या तरी दवाखान्यात नेऊन नळी लावतो.

आत्तींनी आतून ऐकलं होतं. मी गेले तेव्हा त्या शांत आवाजात म्हणाल्या, "बळंच नळी लावली तर माझा नियम तुम्ही मोडला असं होईल. मग मी जगून काय करू ते सांग."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी रोज सकाळी देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. दर्शन झालं की त्या दिवसापुरता एक लहानसा नियम मूर्तीसमोर घेते. आज दोनच धान्यं, आज कुणाबद्दल वाकडं बोलणार नाही, असा काहीतरी. आईनं लावलेली सवय. पाचव्या दिवशी बस्तीत सत्याचं पूजन चाललं होतं, म्हणून मी नियम घेतला की आज खोटं बोलणार नाही. मला वाटलं, सोपा आहे. मी तशीही फार बोलत नाही.

मग मी सोनाक्कांसमोर जाऊन उभी राहिले. त्या प्रदक्षिणा संपवून पायरीवर टेकल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्र्याहत्तराव्याचं उत्तर मागितलं. आत्तींना कळू देणार नाही म्हटलं, हवं तर तुमच्याकडून घेतलं असं सगळ्या गावात सांगेन म्हटलं, जे काय म्हणाल ते करीन म्हटलं. त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

"खरंच अजून उपाशी हाय ती?" त्यांनी हळू विचारलं. "मला वाटलं चोरून दूध घेत असंल."

"आत्ती?"

"न्हाई घ्यायची. खरं हाय तुझं." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पदर तोंडापाशी नेला. "अगं, मला कुठलं नाव सापडतंय? नातीला म्हटलं, लिही काहीतरी. तिनं तिच्या बाईंचं नाव लिहिलं. कोण बघतंय."

मी उठले. त्यांनी माझा हात धरला. "तू बी लिही की काहीतरी. सांग सापडलं म्हणून. जीव वाचंल तिचा."

मी हात सोडवून घेतला. पण त्यांचं बोलणं माझ्याबरोबर आलं.

एकच जागा राहिली होती, माझं माहेर. तिथल्या बस्तीचे आण्णा उपाध्ये नव्वदीचे होते, त्यांच्याकडे ताडपत्रावरच्या जुन्या कानडी पोथ्या होत्या. लहानपणी आम्ही त्या लांबून पाहायचो. बसनं दीड तास. मी साडेनवाच्या गाडीनं निघाले. सुकुमारना आईपाशी बसवलं. निघताना आत्तींना सांगितलं, माहेरी जाते, तिथं नक्की मिळेल.

"दिवस असंपर्यंत ये," त्या म्हणाल्या.

सूर्यास्तानंतर आमच्यात खात नाहीत. दिवस असताना नाव आलं तर घास, नाहीतर आणखी एक रात्र. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही.

आण्णांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांनी चाचपून त्यांनी नेमकी पोथी काढली. त्यांचा पुतण्या वाचत गेला, आण्णा मराठीत सांगत गेले. मी वही-पेन घेऊन बसले होते. राजा आला, दुष्काळ आला, मुनी वनातून निघाले. पहिल्या घरी आहार मिळाला नाही, दुसऱ्या घरी नाही. मग राजवाडा. राणीनं कलश घेतला. माझं पेन कागदाला टेकलं होतं. मग रत्नांचा पाऊस पडला आणि कथा पुढे गेली.

"आण्णा, पाण्याचं?" मी म्हणाले.

त्यांनी पुतण्याला मागचं पान पुन्हा वाचायला लावलं. दोनदा. मग पोथीवर हात ठेवून म्हणाले, "शुद्ध जल आणलं, एवढंच हाय बाळ. कुणी ते न्हाई लिहिलं."

"दुसऱ्या कुठल्या पोथीत असेल?"

"ही सगळ्यांत जुनी. हिच्यात न्हाई तर कशात न्हाई." माझा आवाज ऐकून त्यांना वाईट वाटलं असावं. "राजाची आणखी तीन नावं देऊ का? ती कुणाला ठावं नसतात."

मी नमस्कार केला आणि निघाले. आई जेवून जा म्हणत होती, मी थांबले नाही.

परतीची बस तासभर उशिरा आली. मी खिडकीशी बसले होते आणि सूर्याकडे पाहत होते. ऊस पिवळा दिसायला लागला होता. मी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि मधेच कुठवर आले ते विसरले. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मला आत्तींचा हात दिसत होता, भिंग सरकवणारा. उद्या सकाळी पोहरा काठावर टेकवून मी कान देईन आणि खोकला ऐकू येणार नाही, असं दिसत होतं. मग मला कोणत्या तरी देवळात पुन्हा उभं राहता येईल का, आणि खोटं बोलले तर राहता येईल का, हे दोन्ही प्रश्न मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींची उत्तरं एकच येत होती.

बस नाक्यावर थांबली. समोर कापडाचं दुकान होतं आणि पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत वसुंधरा असं लिहिलं होतं.

बरं नाव होतं. जुनं वाटणारं.

घरी पोचले तेव्हा सूर्य मावळायला तासभरही नव्हता. सुकुमार दारात उभे होते. मी त्यांच्याकडे न पाहता पाय धुतले आणि सरळ आत गेले. थांबले असते तर बोलता आलं नसतं.

"सापडलं, आत्ती."

त्यांनी डोळे उघडले. उघडायला वेळ लागला.

"काय नाव?"

"वसुंधरा."

"कुठं सापडलं?"

"आण्णा उपाध्यांच्या पोथीत. ताडपत्रावर."

"तू वाचलंस?"

"कानडी अक्षर. त्यांनी वाचून सांगितलं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. आमच्या आत्तींची एक सवय होती. घरात चमचा हरवला तरी त्या शपथ घ्यायला लावायच्या. देवघराकडे हात कर आणि म्हण. नऊ वर्षांत मी दुधाच्या साईवरूनही शपथ घेतली होती. मी उभी होते आणि वाट पाहत होते. त्या म्हणाल्या असत्या तर मी हात केला असता. आज मला तेच आठवलं की अंगावर काटा येतो, की मी केला असता.

शपथ त्यांनी मागितली नाही. त्यांची नजर माझ्या तोंडावरून खाली गेली. माझ्या हातांवर थांबली. नाव लिहून घ्यायची वही अजून माझ्या हातात होती, कोरी. मी हात मागे घेतले. तळव्यांना दोराचे घट्टे होते, ते नेहमीचेच होते.

"पुस्तिका दे," त्या म्हणाल्या. "पेन दे."

"मी लिहिते ना, तुमचा हात कापतोय."

"नियम माझा हाय. मी लिहीन." मग म्हणाल्या, "तू जा. तांदळाची पेज टाक. पातळ."

मी चुलीपाशी गेले. लाकडं पेटायला तयार नव्हती, की मलाच फुंकर घालता येत नव्हती, कोण जाणे. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत होतं आणि मी तांदूळ ढवळत होते. आत पेनाचा आवाज येत नव्हता. एक नाव लिहायला इतका वेळ का लागतोय, असं वाटलं. हात कापत असेल. मला आत जाऊन बघायचं धाडस झालं नाही. माझं खोटं त्यांच्या अक्षरात उतरताना मला पाहायचं नव्हतं.

पेज घेऊन गेले तेव्हा पुस्तिका मिटलेली होती, वर त्यांचा हात. सुकुमारनी त्यांना टेकून बसवलं. मी पहिला चमचा ओठांशी नेला. त्यांनी मनात नऊ वेळा णमोकार म्हटला आणि मग तोंड उघडलं. सुकुमार दाराआड जाऊन रडले, ते मला ऐकू येत होतं. आठव्या चमच्यानंतर मी गोळी दिली. भिंतीवर ऊन अजून बोटभर शिल्लक होतं.

पुस्तिका त्यांनी स्वतः फडक्यात बांधली आणि चतुर्दशीला सुकुमारच्या हातात दिली. परस्पर. माझ्याकडे नाही.

पेज दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस्तीत गेले, पण मूर्तीच्या चेहऱ्याकडे मान वर करता आली नाही. पायांकडे पाहत मी गुळाचा त्याग घेतला. दिवसापुरता नाही, जन्माचा. आमचा भाग गुळाचा. पुरणपोळी, लाडू, पाहुण्याला द्यायच्या पाण्याबरोबरही खडा असतो. लोकांना वाटतं मलाही साखर झाली. मी होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नको म्हणते.

पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मी आत्तींपुढे बसले. ठरवलं होतं की सांगून टाकायचं.

"आत्ती, माझं एक चुकलंय."

"उत्तम क्षमा," त्या म्हणाल्या. "माझं बी चुकलं असंल."

"तसं नाही, मला तुम्हाला सांगायचंय..."

"लांबवू नकोस." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तिथंच राहिला. "एकदा मागायची, एकदा द्यायची. झालं."

कार्तिकात उत्तरपत्रिका छापून आली. सगळ्या बायका बस्तीत घोळका करून पाहत होत्या. त्र्याहत्तराव्यापुढे लिहिलं होतं: 'नाव सांगितलेले नाही.' प्रश्नच तसा घातला होता, फसवायला. पाच दिवस आत्ती ज्याच्यासाठी उपाशी राहिल्या ते कुठल्याच पोथीत नव्हतं, कारण ते नसणं हेच उत्तर होतं. आण्णा उपाध्यांनी मला खरं उत्तर दिलं होतं आणि मी ते बसमध्ये टाकून कापडाच्या दुकानाचं नाव घेऊन आले होते.

आत्तींना नव्व्याण्णव गुण मिळाले. सोनाक्कांना एक्क्याण्णव.

"तुम्ही काय लिहिलं होतं वो?" सोनाक्कांनी विचारलं. मी खाली बघितलं.

"आम्हाला ठावं होतं ते लिहिलं," आत्ती म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

तपासलेली पुस्तिका परत आली ती त्यांच्या लोखंडी पेटीत गेली. मी कधी उघडली नाही. एक गुण माझ्यामुळे गेला, तो पाहायला कशाला जायचं. पुढे दोन वर्षांनी गावात पुन्हा महाराज आले. आत्तींनी कलश माझ्या हातात दिला आणि मला दारात उभं केलं. आता माझे हात कापतात, तू दे आहार, म्हणाल्या. पाणी त्या दिवशी सुकुमारनी शेंदलं. मला वाटलं, वय झालं म्हणून.

त्या घटनेनंतर आत्ती अकरा वर्षं होत्या. गेल्या त्या झोपेत, पोटभर जेवून. महिन्याभरानं आम्ही दोघं त्यांची पेटी आवरायला बसलो. लुगडी, जपमाळ, भिंग, आणि तळाशी फडक्यात बांधलेली पुस्तिका. सुकुमार लुगडी वाळत घालायला अंगणात गेले. मी गाठ सोडली.

शब्दकोड्याची पानं आधी उघडली. आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. मग मागे आले.

त्र्याहत्तराव्या प्रश्नाच्या टिंबांवरून अक्षरं वर चढत गेली होती, काही ओळीबाहेर, 'त्न' दोनदा गिरवलेला. वसुंधरा कुठेच नव्हतं. तिथं लिहिलं होतं: 'रत्नमाला सुकुमार मगदूम.' आणि खाली, जागा संपली म्हणून बारीक करून: 'आमच्या घरी पाणी हिनं शेंदलं.'

त्यावर तपासणाऱ्यानं लाल शाईची फुली मारली होती.

आत्तींनी खोटं लिहून पारणं केलं नव्हतं. जागा भरली होती आणि जे भरलं ते खरं होतं. खोटं बोलले होते ती मीच, आणि ते कागदावर उतरलं नाही म्हणून झालं नाही असं होत नाही. गुळाचा नियम माझा अजून आहे.

सुकुमार आत आले. मला पेटीपाशी तशी बसलेली पाहून विचारलं, काय सापडलं.

"त्र्याहत्तराव्याचं उत्तर," मी म्हणाले.

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. "बरोबर होतं?"

"तपासणाऱ्यांनी चूक दिलंय," मी म्हणाले, आणि पुस्तिका पुन्हा फडक्यात बांधली.